पहिला करार की पहिली नोकरी? नायगावहून आलेल्या एका मेसेजला उत्तर

आज पाहुणा नाही. आज मी एकटाच आहे, आणि मागे पंख्याचा आवाज येतोय तो सांभाळून घ्या. बंद केला तर मी वितळेन.

तर झालं असं की, मागच्या रविवारी एक व्हॉइस नोट आली. चाळीस सेकंदांची. मुलाचं नाव सांगत नाही, तोच म्हणालाय सांगू नका. त्याचं म्हणणं जसंच्या तसं नाही, पण साधारण असं होतं. दादा, मी नायगावचा. बीडीडीत राहतो. वीस पूर्ण झाली. उजवा कोपरा खेळतो. प्रो कबड्डीतल्या एका संघाने ट्रायल कॅम्पला बोलावलंय, आठ दिवस, मुंबईबाहेर. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझं पोलीस भरतीचं मैदान आहे, ते पण आपल्याच नायगावच्या पोलीस ग्राउंडवर, घरापासून दहा मिनिटांवर. घरचे म्हणतात भरती. मंडळातली पोरं म्हणतात ट्रायल. तुम्ही काय म्हणता?

मी ती नोट चार वेळा ऐकली. कारण ज्या ग्राउंडच्या भिंतीला टेकून आपण लहानपणी वडापाव खाल्ला, त्याच ग्राउंडवर १६०० मीटर धावायचं, आणि त्याच वेळी टीव्हीवरच्या मॅटवर उभं राहायची संधी दुसऱ्या शहरात वाट बघतेय... हे नायगावच्याच पोराला होऊ शकतं. बांद्र्याच्या पोराला होणार नाही. (हसतो) बांद्रेकरांनो, रागावू नका.

उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी तीन-चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण नुसतं 'स्वप्नाच्या मागे धाव' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या या पट्ट्यात, म्हणजे नायगाव, परळ, लालबाग, करी रोड, डिलाईल रोड, इथे कबड्डी रुजली कशी? लोक म्हणतात मातीतला खेळ, मराठी रक्त वगैरे. ते ठीक आहे. पण खरी गोष्ट अशी की इथे कबड्डीमागे नेहमी पगार होता. गिरण्यांच्या टीम होत्या. माझे मोठे काका एका गिरणीच्या टीममधून खेळायचे. खात्यात नाव होतं, पण सामन्याच्या दिवसांत लूमवर कमी आणि मैदानावर जास्त. चांगली पकड करणारा माणूस गिरणीला हवा असायचा, आणि त्या माणसाला हवी असायची ती महिन्याच्या महिन्याला येणारी पगाराची पुडी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला घरात ऐकून पाठ आहे. काकांचा खेळ त्याच वर्षी थांबला. गुडघा शाबूत होता, दम शाबूत होता, पण ज्या टीममधून खेळायचं ती टीमच राहिली नाही. ते म्हणायचे, मला कोणी बाद केलं नाही, मैदानच उचलून नेलं.

मग बँका आल्या, सरकारी कंपन्या आल्या. बँकांच्या टीम, पोर्ट ट्रस्ट, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम. आमच्या वेळच्या पोरांचं स्वप्न टीव्ही नव्हतं. 'बँकेत लागला' हे स्वप्न होतं. वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात सामने बघायला जायचो तेव्हा खेळाडूच्या नावापेक्षा जर्सीवरचं कंपनीचं नाव आधी वाचायचो.

आता २६ जुलै २०१४. वरळीचं एनएससीआय. प्रो कबड्डीचा पहिला सामना, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. दिवे, मॅट, संगीत, अमिताभ बच्चन हजर. आम्ही चाळीत एका खोलीत अठरा जण बघत होतो. त्या संध्याकाळी एक गोष्ट बदलली ती अशी की, कबड्डीपटूला पहिल्यांदा जाहीर किंमत लागली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्स, १२ लाख ८० हजार. पुढे चारच वर्षांत आकडा कोटींच्या वर गेला.

आणि आकडा कोटींत गेला की आपण सगळे आकडाच बघतो. म्हणून आज मी दोन माणसांची सुरुवात सांगणार आहे. एक मुंबईचा, एक चंदगडचा.

पहिला रिशांक देवाडिगा. सांताक्रूझच्या बाजूचा पोरगा. घरची परिस्थिती बेताची. हॉटेलात नोकरी केली त्याने. मग कबड्डीने त्याला देना बँकेच्या टीममध्ये नेलं, तिथून भारत पेट्रोलियम. हे सगळं लीगच्या आधी, बरं का. २०१४ ला यू मुंबाच्या जर्सीत तो टीव्हीवर दिसला तेव्हा लोकांना वाटलं, नवा पोरगा आला. नवा कसला? त्याच्या मागे मुंबईच्या स्थानिक स्पर्धांची कितीतरी वर्षं होती, आणि पायाखाली नोकरी होती.

२०१७ मध्ये यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध त्याने एका सामन्यात चढाईचे २८ गुण मिळवले. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्या कप्तानीत महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवलं आणि अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद घरी आलं. त्या रात्री परळमध्ये फटाके वाजले होते, मी स्वतः ऐकलेत. त्याच वर्षीच्या लिलावात किंमत लागली १ कोटी ११ लाख. पुढच्या वर्षी? ६१ लाख. माणूस तोच, खेळ तोच. बाजाराने वर्षभरात जवळजवळ अर्धा भाव केला.

आणि जिने त्याला पहिली संधी दिली ती देना बँक? १ एप्रिल २०१९ पासून ती बँकच अस्तित्वात नाही. बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. म्हणजे ज्या पायरीवर पाय ठेवून रिशांक वर चढला, ती पायरी आज वीस वर्षांच्या पोराला उपलब्धच नाही. याबद्दल कोणी बोलत नाही. लिलावाच्या आकड्याची मात्र रील बनते.

दुसरा माणूस सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका, हुंदळेवाडी. गूगल मॅपवर शोधा, बेळगाव जवळ आहे की कोल्हापूर, असा प्रश्न पडेल. शेतकरी घर, घरात कबड्डी, भाऊ सूरजही चढाईपटू. हा मुंबईत आला, एअर इंडियाकडून खेळला. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं.

इथे थांबा. त्याचं वय तेव्हा काय होतं? पंचविशी ओलांडलेली होती. त्याच हंगामात दबंग दिल्लीकडून नवीन कुमार आला, तो अठराचा. दोघंही पदार्पण करत होते. दोघांनीही हंगाम गाजवला. माझ्या वीस वर्षांच्या मित्रा, हे तुझ्यासाठी सांगतोय. तुला वाटतंय ना की हा कॅम्प गेला की सगळं संपलं?

७ ऑक्टोबर २०१८, चेन्नई. पुणेरी पलटणविरुद्ध पहिला सामना, ३२-३२ बरोबरी, आणि सिद्धार्थचा पदार्पणातच सुपर टेन. लीगच्या इतिहासात तोवर कोणीही इतक्या कमी सामन्यांत चढाईचे ५० गुण गाठले नव्हते. त्याने चार सामन्यांत गाठले. हंगाम संपला तेव्हा २१ सामन्यांत २१८. लोक त्याला 'बाहुबली' म्हणायला लागले. ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल, दोन जण कमरेला, एक जण मांडीला, आणि हा त्यांना घेऊन मध्यरेषेकडे चाललाय. बोनस घेऊन पळणारा चढाईपटू नव्हता तो. अंगावर घेणारा होता.

पुढच्या लिलावात, २०१९ ला, तेलुगु टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या वर्षीचा सगळ्यात महाग खेळाडू. ३६ लाखांवरून १ कोटी ४५, एका हंगामात. आणि दुसरा हंगामही पडला नाही, २०० च्या वर चढाईचे गुण काढले. भाऊही त्याच संघात.

आता गोष्टीचा जो भाग कोणी रीलमध्ये टाकत नाही तो.

२०१९ चा अंतिम सामना १९ ऑक्टोबरला झाला. पुढचा हंगाम कधी सुरू झाला माहितेय? २२ डिसेंबर २०२१ ला. कोविड. मध्ये दोन वर्षांपेक्षा जास्त काळ लीगच नव्हती. लिलावात बोललेला आकडा हंगामाचा असतो. हंगाम नाही तर आकडा नाही. ज्यांच्याकडे रेल्वे होती, सेनादल होतं, पोलीस खातं होतं, त्यांचा पगार येत राहिला. ज्यांच्याकडे फक्त लीग होती त्यांनी काय केलं असेल? मी त्या काळात एका ओळखीच्या पोराला भाजीच्या टेम्पोवर पाहिलंय. राज्य पातळीवर खेळलेला पोरगा. मला बघून मास्क वर ओढला त्याने. मीही ओळख दाखवली नाही. त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटतं.

शेवटी हंगाम सुरू झाला, बंगळुरूत, एकाच हॉटेलात सगळे संघ, प्रेक्षक नाहीत. सिद्धार्थ तीन सामने खेळला. तिन्हीत दणकून खेळला. आणि दुखापत. हंगाम संपला त्याचा. पुढच्या लिलावात किंमत कितीतरी खाली. तरी माणूस परत आला, आणि २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा १ कोटी दिले. त्या वर्षी हरियाणा अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि पुणेरी पलटणकडून २५-२८ अशी हरली. पलटणचा कप्तान आपला नगरचा अस्लम इनामदार. त्याच्यावर वेगळा भाग करायचाय मला, आज नको, मी वाहवत जाईन.

म्हणजे पाच-सहा वर्षांत काय काय झालं बघा. ३६ लाख, मग १ कोटी ४५, मग शून्य सामने, मग तीन सामने, मग घसरण, मग १ कोटी. आणि ही सगळ्यात यशस्वी माणसाची सुरुवात आहे! ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे त्याची. त्याच्या मागे राखीव बाकावर बसून घरी गेलेल्यांची नावं मला सांगता येतील का? तुम्हाला?

तुम्ही म्हणाल, हे कबड्डीचं झालं, आपल्याकडे व्यवस्था कच्ची. नाही हो. जून २०२५ मध्ये आपल्या अंधेरीला, शहाजीराजे क्रीडा संकुलात, रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, पंधरा दिवस. मी एक दिवस गेलो होतो. पकडी बघून वाटलं, अरे हे तर आपलंच, फक्त चेंडू जास्तीचा. तेव्हापासून मी रग्बीबद्दल वाचायला लागलो. रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडू डॉक्टर, पोलीस, शेतकरी, खाणकामगार असायचे. १९९५ नंतर पगारी झाला. इंग्लंडमध्ये वॉस्प्स नावाचा क्लब आहे, १८६७ सालचा, युरोपचं विजेतेपद दोनदा जिंकलेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पैसे संपले, खेळाडू आणि कर्मचारी एका झटक्यात बेकार. त्याच महिन्यात वूस्टरच्या खेळाडूंचे करार संपले. पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश बाहेर. नऊ महिन्यांत तीन क्लब. त्यांच्यात एकोणीस-वीस वर्षांची पोरं होती, नुकताच पहिला करार सही केलेली. दुखापत नाही, फॉर्म गेला नाही. मैदानच उचलून नेलं. माझे काका आठवले मला.

तर व्यवस्था पक्की असली तरी हे होतं.

आता उलट बाजू, नाहीतर मी नुसता घाबरवणारा काका वाटेन. लीगने दिलं नाही का? भरपूर दिलं. अस्लमसारख्या पोराचं घर उभं राहिलं. फिजिओ म्हणजे काय हे आमच्या वेळी माहीतच नव्हतं. घोटा सुजला की हळद आणि चुना. माझा स्वतःचा घोटा कुमार गटात गेला, नीट उपचार झाले असते तर कदाचित आणखी चार वर्षं खेळलो असतो. आज संघाबरोबर डॉक्टर असतो. खाणं मोजून असतं. आणि मान असतो. आमच्या काळी कबड्डीपटूला मुलगी द्यायला लोक विचार करायचे, आता सेल्फी काढतात.

(एक बाजूची गोष्ट. हे सगळं पोरांचं चाललंय. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली होती, पुढच्या हंगामांत ती दिसलीच नाही. मुलींना 'ट्रायल की भरती' हा प्रश्नच पडला नाही. त्यांच्यापुढे एकच पर्याय होता. हे बोलून ठेवतो.)

मग लीगमध्ये टिकलेले पहिल्या पिढीचे मोठे खेळाडू बघा. अनुप कुमार, यू मुंबाचा कप्तान, तो हरियाणा पोलिसांत. अजय ठाकूर हिमाचल पोलिसांत. राकेश कुमार रेल्वेत. ज्यांना आपण 'प्रो' म्हणत होतो त्यांच्या खिशात ओळखपत्र सरकारी होतं. त्यामुळेच ते बिनधास्त खेळू शकले, असं माझं मत आहे. तिसरी चढाई, 'करो या मरो', समोर सात जण. तेव्हा ज्याला माहीत असतं की बाद झालो तरी एक तारखेला पगार येणार, त्याचा पाय पुढे पडतो. ज्याला माहीत असतं की आज चुकलो तर करार गेला, तो रेषेवरच घुटमळतो. हे मी मैदानावर पाहिलंय, पुस्तकात वाचलेलं नाही.

आता तुझ्याकडे येतो, मित्रा.

आधी साधं काम कर. दोन्ही ठिकाणी विचार. भरतीच्या मैदानाची तारीख बदलून मिळते का, अर्ज दे, लेखी दे, पोच घे. कॅम्पवाल्यांना फोन कर, सांग की दोन दिवस उशिरा आलो तर चालेल का. लाजू नकोस. वीस वर्षांचं पोरगं पोलीस भरती देतंय हे ऐकून कोणी चांगला प्रशिक्षक तुझ्यावर फुली मारणार नाही. मारली, तर त्या संघाबद्दल तुला आधीच काहीतरी कळलं.

दोन्हीकडून नाही आलं, तर माझं उत्तर भरती. स्पष्ट सांगतो. कारण कॅम्प म्हणजे करार नाही. कॅम्पला बोलावलेल्यांपैकी किती जण संघात जातात ते तुझ्या मंडळातल्या मोठ्यांना विचार. आणि भरतीच्या मैदानाचे ५० गुण आहेत, १६०० मीटरचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. तू रोज सराव करणारा पोरगा आहेस, ते गुण तुझ्या पायात आहेत. लेखीचे १०० मात्र तुला बसून कमवायचे आहेत, तिथे तुझी पकड सैल असणार हे मी न बघता सांगतो. (हसतो) शिवाय महाराष्ट्रात खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तुझी प्रमाणपत्रं त्यात बसतात का, पडताळणी झालीय का, हे आजच बघ. उद्या नाही. किती तरी पोरांची प्रमाणपत्रं ट्रंकेत पडून राहतात आणि तारीख निघून जाते.

पण, आणि हा पण मोठा आहे, भरती झाली म्हणजे कबड्डी सोडली असं होऊ देऊ नकोस. प्रशिक्षणाचे महिने जातील, सराव तुटेल, वजन वाढेल, राग येईल. तरी खात्याच्या टीमपर्यंत पोहोच. तिथून राज्य, तिथून पुन्हा लीगचा दरवाजा. सिद्धार्थ पंचविशीनंतर आत गेला होता ना? तुझ्या हातात पाच वर्षं आहेत.

आणि समजा, उलट झालं. तारीख बदलून मिळाली, तू कॅम्पला गेलास, निवड झाली, आणि कोणीतरी कागद पुढे सरकवला. तर सही करायच्या आधी विचार. हा करार किती हंगामांचा? पैसे कधी, किती हप्त्यांत? मी एकही सामना खेळलो नाही तर किती मिळणार? गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि नंतरच्या व्यायामाचा? गुडघ्याचा लिगामेंट गेला की परत मॅटवर यायला नऊ महिने कुठेच गेले नाहीत. त्या नऊ महिन्यांचं काय? कागद इंग्रजीत असेल. घरी आणायला मागायचा. घरी न्यायला नाही म्हणाले तर सही करायची नाही. तुमच्या चाळीत एखादा तरी वकील किंवा बँकेतून रिटायर झालेला माणूस असेलच, नायगाव आहे ते. त्याच्यासमोर बसून ओळ न ओळ वाचून घे. आईलाही बसव तिथे. ती असा एक प्रश्न विचारेल जो आपल्या कोणाच्या डोक्यात आलेला नसेल.

मंडळातली पोरं तुला चिडवतील. 'घाबरला' म्हणतील. त्यांना हा भाग पाठव आणि सांग, शिव्या मला द्या.

काकांना विचारलं मी काल, हा मेसेज ऐकवून. आता ऐंशीच्या घरात आहेत, कान कमी झालेत. मोठ्याने दोनदा ऐकवला. मला वाटलं ते भरतीच म्हणणार. ते म्हणाले, "पोरगा कोपरा खेळतो ना? मग त्याला थांबता येत असेल." उजव्या कोपऱ्याचं कामच ते आहे, चढाईपटू अंगावर येईपर्यंत हात रोखून धरायचा. घाईत झेप घेतली की गेलास.

चला. लेखीची तारीख कळली की मला कळव, अभ्यासाला ज्यांनी गेल्या वेळची भरती काढलीय असे दोघे जण माझ्या ओळखीचे आहेत, नंबर देतो. बाकीच्यांपैकी कोणी असा करार सही केला असेल, चांगला-वाईट कसाही अनुभव असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या भागात अस्लम इनामदार. तोपर्यंत, नमस्कार.